कॅमेरामनला गोष्टही दिसते





कॅमेरामन दिग्दर्शक झाला की चित्रपट नुसता देखणा होतो, गोष्ट हरवते, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटण्याजोगे नाही. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांची कारकीर्दच ते खोडून काढते.

‘देऊळ’ (२०११) आणि ‘सैराट’ (२०१६) यांचे छायांकन त्यांचे. २०१८ मध्ये ‘नाळ’चे दिग्दर्शन आणि छायांकन दोन्ही त्यांनी सांभाळले. मातृभाषा तेलुगू, चित्रपट मराठी. नदीकाठच्या गावातल्या छोट्या चैत्याला आपण दत्तक असल्याचे कळते. घर तेच, आई सुमीही तीच. पण मुलाची तिच्याकडे पाहण्याची नजर बदलते. ही बदललेली नजर हीच तर गोष्ट आहे आणि ती टिपायला कॅमेऱ्याची जाणच लागते. पदार्पणातील दिग्दर्शनासाठी ‘नाळ’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, चैत्या साकारणाऱ्या श्रीनिवास पोकळेला बालकलाकाराचा. पुढे ‘नाळ भाग २’ (२०२३) राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ठरला.

हे एकमेव उदाहरण नव्हे. ‘नटरंग’चे छायालेखक महेश लिमये यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘यलो’लाही राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला.

‘नाळ’मधल्या नदीवरून आठवले, आमच्या महाड-पोलादपूरच्या पोरांना नदी काय असते, हे सावित्री नदीने शिकवले आहे. २०१६ मध्ये तिच्यावरचा पूल वाहून गेला, २०२१ मध्ये महाड बुडाले. नदीकाठचे बालपण या मुलांना पडद्यावर लगेच ओळखू येईल. म्हणून इथल्या शाळांनी ‘नाळ’ आवर्जून दाखवावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, पोलादपूर (जि. रायगड)