पॅड शाळेपर्यंत आले, मैदानाचे काय?

३० जानेवारी २०२६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. मासिक पाळीतील आरोग्य हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. शाळा सरकारी असो वा खासगी, तिथे मुलींना सॅनिटरी पॅड मोफत मिळाले पाहिजेत आणि पाण्याची सोय असलेली स्वतंत्र स्वच्छतागृहे असली पाहिजेत, असे आदेशही दिले. जया ठाकूर यांनी २०२२ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवरचा हा निकाल आहे. आम्ही त्याचे मनापासून स्वागत करतो. पण एक प्रश्न उरतोच. शाळेच्या फाटकाबाहेर, मैदानावर उभ्या असलेल्या मुलीपर्यंत हा हक्क कसा पोहोचणार?

मैदान ही आपल्यासाठी संधी आहे

आपल्या वस्त्यांतल्या मुलींसाठी खेळ हा फावल्या वेळेचा छंद नाही. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. आणि ज्यांच्या वाट्याला कधी स्पर्धा येत नाही, त्या मुलींसाठी पोलीस भरती असते. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत महिलांची मैदानी चाचणी ५० गुणांची: ८०० मीटर धावणे २० गुण, १०० मीटर धावणे १५ गुण आणि गोळाफेक १५ गुण. या ५० पैकी निम्मे गुण मिळाले नाहीत, तर लेखी परीक्षेचे दारच उघडत नाही. मजुरी करणाऱ्या आईची मुलगी पहाटे साडेचारला उठून डांबरी रस्त्यावर धावते, ती या ५० गुणांसाठी.

चाचणीची तारीख प्रवेशपत्रावर छापून येते. ती मुलीने निवडलेली नसते. नेमकी त्याच दिवशी पाळी आली तर काय? आदल्या रात्री परगावाहून आलेली, एसटी स्टँडवर किंवा ओळखीच्या कुणाकडे मुक्काम केलेली मुलगी पहाटे मैदानावर रांगेत उभी राहते. तासन् तास नंबर लागत नाही. स्वच्छतागृह दूर, पाणी नाही, पॅड बदलायला आडोसा नाही. म्हणून ती पाणी पीत नाही. आणि त्याच अवस्थेत ८०० मीटर धावते. यातून वाट काढायला अनेक मुली मैत्रिणीच्या सांगण्यावरून, डॉक्टरांना न विचारता पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतात. या गोळ्या हार्मोनच्या असतात. प्रत्येकीच्या शरीराला त्या चालतीलच असे नाही. नोकरीच्या धास्तीने मुलीला स्वतःच्या शरीरावर असा प्रयोग करावा लागत असेल, तर त्याला समान संधी कसे म्हणायचे?

मोठ्या खेळाडूही हेच सांगत आहेत

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मीराबाई चानू हिने १९९ किलो वजन उचलले. ती चौथी आली. कांस्यपदक अवघ्या १ किलोने हुकले. स्पर्धेनंतर तिने सांगितले की तिच्या पाळीचा तिसरा दिवस होता आणि अशक्तपणा जाणवत होता. त्याआधी २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकमध्ये चीनची जलतरणपटू फू युआनहुई हिने रिलेनंतर कॅमेऱ्यासमोर पाळीचा उल्लेख केला, तेव्हा जगभर चर्चा झाली. विम्बल्डनने पांढऱ्या कपड्यांचा हट्ट थोडा सोडला आणि २०२३ पासून महिला खेळाडूंना आत गडद रंगाची चड्डी घालण्याची मुभा दिली. जे त्रास पिढ्यान् पिढ्या सोसले गेले, ते बोलल्यावर नियम बदलला.

यातून कुणी असा अर्थ काढू नये की पाळी म्हणजे दुबळेपणा. पाळीत पदके जिंकणाऱ्या खेळाडूही आहेत, आणि हलक्या व्यायामाने अनेकींच्या पोटदुखीला आराम पडतो. पण प्रत्येकीचे शरीर वेगळे असते आणि प्रत्येकीचे ताटही वेगळे असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ५ (२०१९-२१) नुसार देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आहे. आधीच रक्त कमी, त्यात जास्त रक्तस्राव, त्यात सकाळी उपाशीपोटी सराव. मीराबाईच्या मागे डॉक्टर, आहारतज्ज्ञ, फिजिओ होते. आपल्या तालुक्याच्या खो-खो संघातल्या मुलीमागे कोण आहे? दम लागला की तिला "आळशी" म्हणतात, आणि दोन-तीन वेळा ऐकले की ती यायचीच बंद होते.

योजनांचा हिशेब

योजना आल्या नाहीत असे नाही. २०११ मध्ये केंद्राच्या योजनेतून आशाताईंमार्फत ६ पॅड ६ रुपयांना देणे सुरू झाले. ८ मार्च २०१८ ला महाराष्ट्रात अस्मिता योजना आली: जिल्हा परिषद शाळांतील मुलींना ८ पॅड ५ रुपयांना. जुलै २०१८ मध्ये पॅडवरचा १२ टक्के जीएसटी रद्द झाला. ऑगस्ट २०१९ पासून जनऔषधी केंद्रात एक पॅड १ रुपयाला आहे.

आता साधा हिशेब करू. पाळी पाच दिवसांची आणि दिवसाला चार पॅड धरले तर महिन्याला २० लागतात. ८ चे पाकीट दोन दिवसांत संपते. धावणाऱ्या, घाम गाळणाऱ्या मुलीला तर पॅड लवकर बदलावा लागतो. तिसऱ्या दिवसापासून ती काय करते, हे कुठल्याच योजनेच्या कागदावर नाही. जनऔषधी केंद्र शहरात, मुख्य रस्त्यावर. वस्तीतून तिथे जायला पॅडपेक्षा रिक्षाला जास्त पैसे लागतात. आणि पॅड हातात असला तरी तो बदलायला बंद दार, धुवायला पाणी आणि टाकायला झाकणाचा डबा नसेल, तर त्याचा उपयोग अर्धाच. पॅडवाटपाचे फोटो खूप निघतात. स्वच्छतागृहाच्या तुटलेल्या कडीचा फोटो कुणी काढत नाही.

विटाळ आणि अस्पृश्यता

खरी अडचण मात्र पैशांपुरती नाही. २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातील एका आश्रमशाळेत पाळी आलेल्या आदिवासी मुलीला झाड लावू दिले नाही, अशी तक्रार झाली. एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूतील पोल्लाचीजवळ आठवीतल्या दलित मुलीला पाळी आली म्हणून वर्गाबाहेर पायरीवर बसून परीक्षा द्यावी लागली. जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूरच्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींचे कपडे उतरवून तपासणी झाली आणि मुख्याध्यापिकेला अटक झाली. वर्गाबाहेर बसवण्याचा अर्थ आपल्या समाजाला कुणी समजावून सांगायला नको. आपल्या आजोबा-पणजोबांनी तो भोगला आहे.

शबरीमला प्रकरणात २८ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात मांडले की पाळीच्या कारणाने स्त्रियांना वगळणे हा अनुच्छेद १७ ने बंदी घातलेल्या अस्पृश्यतेचाच प्रकार आहे. शिवाशिव आणि विटाळ एकाच झाडाच्या दोन फांद्या आहेत. एक तोडायची आणि दुसरीच्या सावलीत बसायचे, हे चालणार नाही.

संघाने काय केले होते?

विनयपिटकात याविषयी स्पष्ट उल्लेख आहेत. चुल्लवग्गात पाळीच्या काळात भिक्षुणींचे अंथरूण-आसन खराब होण्याचा प्रश्न तथागतांसमोर आला. तिथे उत्तर बहिष्काराचे नव्हते, कापडाचे होते. पाळीसाठी वेगळे वस्त्र आणि ते बांधण्यासाठी कमरेची दोरी वापरण्याची अनुमती दिली गेली. हे वस्त्र संघाचे, म्हणजे सामाईक होते. थुल्लनंदा नावाची भिक्षुणी ते अडवून ठेवू लागली आणि इतरांना मिळेना, तेव्हा वापर झाल्यावर ते धुऊन दुसरीला दिले पाहिजे असा नियम झाला. पाळीचे साहित्य ही ज्या त्या बाईची खासगी लाज नाही, ती सर्वांनी मिळून करायची व्यवस्था आहे, हा विचार अडीच हजार वर्षांपूर्वीच्या संघात होता.

बाबासाहेबांनीही १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना स्त्रीच्या शरीराची काळजी हा राष्ट्रहिताचा प्रश्न मानला आणि त्याचा भार सरकारनेही उचलावा अशी भूमिका घेतली. पाळीचा प्रश्न त्याच रांगेत बसतो.

आता काय करायचे?

शासनाकडे आपली मागणी नेमकी असावी. भरतीच्या प्रत्येक मैदानावर महिलांसाठी पाण्यासह स्वच्छतागृह, मोफत पॅड आणि महिला डॉक्टर असावेत. त्या दिवशी त्रास असलेल्या उमेदवाराला त्याच भरती प्रक्रियेत दुसरी तारीख मागण्याची सोय असावी. तालुका क्रीडा संकुलांना आणि वसतिगृहांनाही शाळांसारखेच आदेश लागू व्हावेत.

मंडळांनी आणि संघटनांनी सरकारची वाट पाहू नये. भीमजयंतीला आपण कबड्डी, खो-खो, धावण्याच्या स्पर्धा भरवतो. मुलींच्या स्पर्धेत कपडे बदलायला बंदिस्त जागा, पॅडची पेटी आणि गडद रंगाचा गणवेश, एवढे ठरवून टाकू. बुद्धविहारात पॅडची पेटी ठेवायला कसली लाज? पाळीत वंदनेला बसू नको, मूर्तीला हात लावू नको, असे आपल्याच घरात कुणी म्हणत असेल, तर शांतपणे पण ठामपणे विरोध करू. मुलगेही या चर्चेत हवेत. संघाचा प्रशिक्षक बहुतेक वेळा पुरुष असतो, आणि त्याच्याशी बोलता येत नाही म्हणून मुली गळतात.

१९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले होते. तरीही १९२७ मध्ये महाडला चालत जाऊन चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यावे लागले. न्यायालयाचा आजचा आदेशही तसाच कागदावर राहू शकतो. म्हणून या महिन्यात आपल्या भागातील एक शाळा आणि एक मैदान गाठा. मुलींचे स्वच्छतागृह उघडे आहे का, नळाला पाणी आहे का, पॅड आहेत का, ते पाहा, लिहून काढा, गटशिक्षणाधिकारी आणि तालुका क्रीडा अधिकाऱ्यांना निवेदन द्या आणि पोच घ्या. पुढच्या महिन्यात पुन्हा जा.

जय भीम!