जपानचे आरमार सज्ज होते, लष्कर नव्हते



रशिया-जपान युद्धाचा विषय निघाला की, जपान दहा वर्षे कसून तयारी करून १९०४ मध्ये सर्व बाजूंनी सज्ज होऊन रणांगणात उतरला, असे सरसकट लिहिले जाते. आरमारापुरते ते खरे आहे. लष्करालाही तेच प्रशस्तिपत्र देणे मला मान्य नाही.

१८९५ मध्ये संपलेल्या युद्धानंतर चीनकडून मिळालेल्या खंडणीचा मोठा वाटा सैन्यदलांवर खर्च झाला. ‘मिकासा’सह पहिल्या फळीच्या सहाही युद्धनौका जपानने ब्रिटनमध्ये बांधून घेतल्या. मे १९०५ मध्ये ॲडमिरल तोगो यांनी त्सुशिमाजवळ रशियन ताफ्याचा धुव्वा उडवला, हे सर्वांना ठाऊक आहे. लष्कराला मात्र युद्धाच्या पहिल्या काही महिन्यांतच तोफगोळे पुरेनासे झाले. रशियाच्या ताब्यातील पोर्ट आर्थरच्या तटबंदीवर जनरल नोगी यांनी पायदळ थेट चालवले, हजारो माणसे कापली गेली, आणि मग किनाऱ्यावरच्या २८ सेंटिमीटरच्या अवजड तोफा जपानहून उपसून आणाव्या लागल्या. त्या आधी का आणल्या नाहीत?

याहून संतापजनक गोष्ट शिध्याची आहे. १८८३ मध्ये ‘र्‍युजो’ हे प्रशिक्षण जहाज लांबच्या सफरीहून परतले, तेव्हा त्यावरच्या ३७६ जणांपैकी १६९ जणांना बेरीबेरी हा रोग झाला होता आणि २५ जण दगावले होते. नौदलाचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांनी दोष आहाराला दिला. पुढच्याच वर्षी ‘त्सुकुबा’ जहाज त्यांनी सुधारलेला आहार देऊन धाडले. बेरीबेरीने एकही खलाशी मेला नाही. पुढे भाताच्या जोडीला जव आणि मांस आले आणि नौदलातून हा रोग जवळजवळ हद्दपार झाला. पण हा जंतूंचाच रोग आहे, या हट्टापायी लष्करी वैद्यकखात्याचे वरिष्ठ ही गोष्ट मानायलाच तयार नव्हते. मोरी ओगाई हे नामवंत लेखक त्यांच्यापैकीच एक. शिपायांच्या ताटात पांढरा भातच राहिला. वीस वर्षांनी, याच युद्धात, सुमारे २७ हजार जपानी सैनिक बेरीबेरीने मेले. शत्रूची गोळी न लागता! शिध्यात जव मिसळण्याचा हुकूम निघाला तो थेट मार्च १९०५ मध्ये.

उपाय घरातच सापडला होता, शेजारच्या दलाने तो सिद्ध करून दाखवला होता. तरीही तो न वापरणाऱ्या लष्कराला सज्ज म्हणता येत नाही. त्सुशिमाचा गौरव जरूर करावा. पण त्याच लेखात या २७ हजारांचीही नोंद व्हावी, एवढी विनंती.

– एक वाचक, सातारा