झाकण उघडून पाहण्याचे शिक्षण

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या प्रणालीची नियमित देखभाल थांबवली. ज्यांना हवी त्यांच्यासाठी काही काळाच्या मुदतवाढीची सोय ठेवली खरी. पण नवी प्रणाली पेलण्याची पात्रता नसलेल्या जुन्या संगणकांचे भवितव्य त्या दिवशीच ठरून गेले. कॅनालिस या संस्थेने २०२३ साली अंदाज केला होता, की या एका निर्णयापायी जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतील. या यंत्रांत बिघाड काय झाला? काहीच नाही. कळफलक चालतो, पडदा उजळतो, हिशेब बिनचूक होतात. फक्त ज्याने ती चालवण्याची प्रणाली लिहिली, त्याने ‘आता पुरे’ म्हटले.

नेमक्या याच काळात इंग्लंड-अमेरिकेत आणि थोड्या प्रमाणात आपल्याकडेही एक मंडळी उलट्या दिशेने चाललेली दिसतात. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे संगणक शोधायचे, साफ करायचे, जळलेले भाग बदलायचे आणि पुन्हा चालू करायचे, हा यांचा उद्योग. जुन्या ‘बीबीसी मायक्रो’ संगणकाच्या पॉवर सप्लायमधले रिफा कंपनीचे कपॅसिटर वयोमानाने तडकतात आणि एक दिवस भपकन धूर सोडतात. ‘ॲकॉर्न आर्किमिडीज’मधली बॅटरी गळून पट्टीवरची तांब्याची वाट खाऊन टाकते. अशा दुखण्यांची आणि त्यांवरच्या उपायांची या मंडळींकडे आजीबाईच्या बटव्यासारखी साठवण असते. हातात डाख देण्याची कांडी, शेजारी मल्टिमीटर, आणि बोलण्यात मात्र एक विषय पुन्हा पुन्हा येतो : आम्ही या यंत्रांवर शिकलो, तसे आजची मुले का शिकत नाहीत?

हे निव्वळ गतकाळाचे उमाळे म्हणून सोडून देता आले असते. मला तसे वाटत नाही. कारण त्याच ऑक्टोबर महिन्यात केंद्राच्या शालेय शिक्षण विभागाने २०२६-२७ या वर्षापासून तिसरीपासूनच कृत्रिम बुद्धिमत्तेची ओळख करून देण्याचे जाहीर केले. एकीकडे धडधाकट यंत्रे भंगारात आणि दुसरीकडे आठ वर्षांच्या मुलाच्या दप्तरात अद्ययावत तंत्रज्ञान! या दोन बातम्यांच्या मध्ये जो प्रश्न उभा आहे, तो या हौशी मंडळींनी नेमका पकडला आहे. यंत्र वापरायला शिकणे म्हणजे यंत्र समजणे काय?

पेटी आणि पेटीभोवतीचे

या वादाचे मूळ पाहायचे तर १९८१ सालच्या ब्रिटनमध्ये जावे लागते. सूक्ष्म संगणक आता रोजगाराचे स्वरूप पालटणार, या जाणिवेने तिथले सरकार आणि बीबीसी दोघेही अस्वस्थ झाले होते. बीबीसीने ‘संगणक साक्षरता प्रकल्प’ हाती घेतला आणि त्यासाठी केंब्रिजच्या ॲकॉर्न या लहानशा कंपनीचे यंत्र निवडले. डिसेंबर १९८१ मध्ये ते बाजारात आले. ६५०२ जातीचा प्रोसेसर, दोन मेगाहर्ट्‌झचा वेग, आणि ‘मॉडेल बी’ला अवघी ३२ किलोबाइट स्मृती. मोबाइलवर काढलेला एखादा साधा फोटोसुद्धा आज एवढ्या जागेत मावणार नाही. तरीही अशी पंधरा लाखांच्या घरात यंत्रे खपली.

या यशाचे श्रेय एकट्या पेटीला देता येत नाही. जानेवारी १९८२ मध्ये बीबीसीने दूरचित्रवाणीवर त्याची मालिका सुरू केली. तीस तासांत ‘बेसिक’ भाषा शिकवणारा पत्राद्वारे अभ्यासक्रम निघाला. यंत्रासोबत जाडजूड मार्गदर्शक पुस्तक मिळे. शाळेने संगणक घ्यायचा ठरवला तर निम्मी किंमत सरकार भरत असे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, यंत्र चालू केले की समोर ना चित्रे, ना खेळ. एक लुकलुकणारी खूण तेवढी दिसे. काहीतरी लिहिल्याशिवाय ते यंत्र ढिम्म हलत नसे! मुलाला काही करून हवे असेल तर आज्ञा त्यानेच लिहायची, चूक त्यानेच शोधायची. मागच्या आणि खालच्या बाजूला बाहेरचे दिवे, मोटारी, तापमापक जोडायच्या जागा होत्या. संगणक हा प्रयोगशाळेतल्या टेबलावरचा पदार्थ होता, दिवाणखान्यातले शोभेचे कपाट नव्हते.

आपल्या वाट्याला आलेली पेटी

ही पेटी भारतातही आली, हे आज फार थोड्यांना आठवते. १९८४-८५ साली केंद्र सरकारने ‘क्लास’ या नावाने शाळांसाठी संगणक साक्षरतेचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला आणि त्यासाठी हाच बीबीसी मायक्रो निवडला. सरकारी नोंदींनुसार एकूण १२ हजार यंत्रे मिळाली आणि २,५९८ शाळा या योजनेखाली आल्या. भागाकार केला तर शाळेमागे पाच यंत्रेसुद्धा येत नाहीत. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गाला आठवड्यातल्या एखाद्या तासात त्या यंत्रापुढे किती मिनिटे मिळणार, हे गणित सांगायला संगणक लागत नाही.

पण संख्या हे खरे दुखणे नव्हते. ब्रिटनमध्ये यंत्राभोवती जे उभे केले गेले (मालिका, पुस्तके, घरी तेच यंत्र असलेला शेजारी), ते इथे आणता आले नाही. पेटी आली, पेटीभोवतीचे आले नाही. मुलाला तमिळ, मराठी किंवा हिंदीत विचार करायचा आणि यंत्राशी इंग्रजीत बोलायचे. नव्वदच्या दशकात योजनेचे रूप बदलले, बीबीसीची यंत्रे मागे पडली आणि त्यांच्या जागी आयबीएमच्या जातीचे पीसी आले. पुढे महाराष्ट्रात २००१ साली ‘एमएस-सीआयटी’ आली आणि तालुक्याच्या गावापर्यंत पोचली. या अभ्यासक्रमाने लाखो मराठी तरुणांच्या मनातली माऊसची भीती घालवली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. मात्र त्याचा भर वापरावर होता आणि नोकरीसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रावरही. गाडी चालवण्याचा परवाना मिळाला. बॉनेटखाली काय आहे हे विचारण्याचे प्रयोजन उरले नाही.

ब्रिटनची माघार

आपण मागे पडलो आणि ब्रिटन पुढे गेला, असे सरळ चित्र मात्र नाही. तिथेही नव्वदीनंतर शाळांतला संगणक-विषय टंकलेखन, तक्ते आणि सादरीकरण यांतच अडकला. ऑगस्ट २०११ मध्ये गूगलचे एरिक श्मिट एडिंबरात जाऊन ब्रिटिशांना म्हणाले, की तुम्ही मुलांना सॉफ्टवेअर वापरायला शिकवता, ते घडते कसे हे शिकवत नाही. जानेवारी २०१२ मध्ये रॉयल सोसायटीच्या अहवालानेही हेच दुखणे दाखवले. फेब्रुवारीत ‘रास्पबेरी पाय’ हा पस्तीस डॉलरचा उघडा संगणक आला. त्याच्या आवृत्तीला ‘मॉडेल बी’ हे नाव मिळाले, ते जुन्या बीबीसी मायक्रोच्या आठवणीनेच. सप्टेंबर २०१४ पासून इंग्लंडने अभ्यासक्रम बदलला.

म्हणजे प्रश्न सुटला का? २०१७ साली रॉयल सोसायटीनेच पुन्हा पाहणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक म्हणजे ५४ टक्के इंग्लिश शाळा शालान्त पातळीवर संगणकशास्त्राचा विषय देतच नव्हत्या, आणि तो घेणाऱ्यांत मुलींचे प्रमाण जेमतेम पाचात एक होते. कारण सरळ होते. अभ्यासक्रम बदलता येतो एका परिपत्रकाने. शिक्षक तयार व्हायला वर्षे लागतात. पुढे सरकारला ८४ दशलक्ष पौंड खर्चून हजारो शिक्षकांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था करावी लागली. आपल्या तिसरीच्या घोषणेपूर्वी हा धडा कोणीतरी वाचला असेल, अशी आशा करू या.

पदवी मोठी की खटपट?

जुन्या संगणकांच्या हौशी मंडळींत एक वाद नेहमी रंगतो. एक पक्ष म्हणतो, आम्ही जे शिकलो ते घरच्या टेबलावर, रात्री जागून. महाविद्यालयाने आम्हाला फक्त कागद दिला. दुसरा म्हणतो, गणित आणि भौतिकी कोणी शिकवली नसती तर तुमची खटपट फ्यूज उडवण्यापलीकडे गेली नसती.

इतिहास मात्र दोन्ही पक्षांना समजुतीने घ्यायला लावतो. ॲपलचे स्टीव्ह वॉझ्नियॅक हे खटपट्या मंडळींचे दैवत. १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या एका गॅरेजमध्ये सुरू झालेल्या ‘होमब्रू’ क्लबातून त्यांचा पहिला संगणक घडला. शिक्षण अर्धवट सोडलेला प्रतिभावंत म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यापुढची हकीकत कमी सांगितली जाते. अमाप पैसा आणि कीर्ती मिळाल्यावर हा माणूस टोपणनावाने बर्कलीच्या विद्यापीठात परत गेला, १९८६ साली पदवी पुरी केली आणि नंतर कित्येक वर्षे शाळेतल्या मुलांना संगणक शिकवत राहिला.

बीबीसी मायक्रो घडवणाऱ्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर या दोघांची गोष्टही तशीच. दोघेही केंब्रिजचे, फर्बर यांनी गणितानंतर वायुगतिकीत डॉक्टरेट मिळवलेली, आणि विद्यापीठातल्या हौशी मुलांच्या संगणक-मंडळातही ते होते. या दोघांनी पुढे नव्या प्रोसेसरचा आराखडा केला. त्याच्या आज्ञावलीचे पहिले प्रयोग विल्सन यांनी बीबीसी मायक्रोच्याच ‘बेसिक’मध्ये लिहून पाहिले. २६ एप्रिल १९८५ रोजी तो चालू झाला. त्याचे नाव ‘आर्म’. आज तुमच्या-माझ्या खिशातल्या मोबाइलचा मेंदू त्याच वंशातला आहे. विद्यापीठाने यांना शिस्त दिली, खटपटीने हात दिले. यातले एक वजा करून दुसऱ्याने भागेल, असे मानणे म्हणजे एका चाकाची सायकल विकत घेणे होय.

आता आपण काय करावे?

यावर एक रास्त आक्षेप येईल. प्रत्येक मुलाला संगणक उघडता आलाच पाहिजे असे का? दाढ दुखते म्हणून कोणी दंतवैद्यक शिकत नाही. आक्षेप मान्य. परंतु आपण प्रत्येक मुलाला बेडकाचे हृदय आणि विजेचे मंडल शिकवतो, ते सगळी शास्त्रज्ञ होतील म्हणून नव्हे. निसर्गात चमत्कार नसतो, कारण असते, हे त्यांच्या मनावर ठसावे म्हणून. कृत्रिम बुद्धिमत्ता ही तर चमत्काराचा आव आणणारी वस्तू आहे. तिने दिलेले उत्तर देववाणी मानणारी पिढी हवी, की ‘हे आले कुठून?’ असे विचारणारी?

यूडायस प्लसच्या २०२४-२५ च्या आकडेवारीनुसार देशातल्या ६४.७ टक्के शाळांत संगणकाची सोय आहे. म्हणजे तीनातल्या एका शाळेत तीही नाही. आणि त्याच वेळी सरकारी कचेऱ्या, बँका, कंपन्या हजारोंनी चालती यंत्रे काढून टाकत आहेत. २०२२ च्या ई-कचरा नियमांनी दुरुस्ती करून पुनर्वापर करणाऱ्यांना अधिकृत स्थान दिले आहे. तंत्रनिकेतने आणि आयटीआय जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. जुन्या यंत्रांतली माहिती नीट पुसून, त्यांवर लिनक्ससारखी मोफत प्रणाली घालून ती तंत्रनिकेतनाच्या मुलांनीच दुरुस्त करावीत आणि शाळांना द्यावीत. त्यात शाळेमागे एक यंत्र मुद्दाम उघडे ठेवण्यासाठी असावे, वीज काढलेले, प्रत्येक भागाचे नाव मराठीत लिहिलेले. पॉवर सप्लायशी आणि जुन्या काचेच्या पडद्यांशी मुलांनी खेळू नये, एवढे पथ्य मात्र कडक पाळावे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत हे ज्ञान आजही फळीमागे उभे आहे. त्याला वर्गात बोलावून खुर्ची देणे एवढेच बाकी आहे.

याला यंत्रांपेक्षा शिक्षकाचा वेळ जास्त लागेल, आणि तोच आपल्याकडे सर्वांत महाग झाला आहे. निविदा काढून पेट्या घेणे सोपे. तासाला दोन मिनिटे थांबून मुलाला त्याची चूक त्यालाच शोधू देणे अवघड. परंतु ‘क्लास’च्या पेट्यांचे काय झाले हे ज्या देशाने पाहिले, त्याने तरी तोच सौदा दुसऱ्यांदा करू नये. जुने संगणक जपणाऱ्यांचे म्हणणे शेवटी एवढेच आहे, की यंत्र जुने होते, त्याला इलाज नाही. ते समजून घेण्याची सवय मात्र जुनी होत नाही. तिसरीतल्या मुलाला द्यायचीच असेल, तर ती सवय आधी द्यावी.