पाना, पकड आणि अभिजात मराठी

मुंबईतील प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची अखेर झाली तेव्हा मराठीत गहिवराला भरती आली होती. २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी वीस वर्षांची मुदत संपल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. पिवळे छत, मीटर, पावसाळी रात्र, मागच्या आसनावर जुळलेली वा मोडलेली प्रेमे हे सारे त्या निमित्ताने लिहून झाले. आमच्या वाचनात आलेल्या त्या मजकुरात एक माणूस मात्र कुठेच नव्हता. ज्याने ही गाडी वीस वर्षे चालती ठेवली तो मिस्त्री. मराठी साहित्यविचाराला जुनी मोटार आठवण म्हणून चालते. तिची दुरुस्ती हे ज्ञान आहे आणि त्या ज्ञानाला स्वतःची भाषा आहे, हे मान्य करायला तो तयार नसतो. आमचे भांडण या वृत्तीशी आहे.

पद्मिनी एका काळी चैनीचीच गाडी होती. पण थेट आलिशान म्हणता येईल असे उदाहरण हवे असेल तर पिंपरीचे घ्यावे. १९९५ साली टेल्कोच्या आवारात मर्सिडीजची डब्ल्यू १२४ या घडणीची सेडान जोडली जाऊ लागली. स्टुटगार्टचे नाव आणि पिंपरीचे हात असा तो प्रकार होता. शहरातला पहिला मालक काही वर्षांनी नवी गाडी घेतो; मग जुनी गाडी दुसऱ्या, तिसऱ्या मालकाकडे जात जात जिल्ह्याच्या, तालुक्याच्या गावी पोचते. कंत्राटदार, राईस मिलचा मालक, हौशी डॉक्टर ही तिची पुढची घरे. तिथे कंपनीचे अधिकृत सेवाकेंद्र शंभर-दीडशे कोसांवर असले तरी गाडी बंद पडायची थांबत नाही. तिथून पुढे तिचे आयुष्य ज्याच्या हाती जाते त्याच्या ज्ञानाची प्रत काय असते, हे साहित्याच्या अभ्यासकाने एकदा नीट समजून घेतले पाहिजे.

एकच उदाहरण देतो, पण ते जरा सविस्तर. त्या घराण्यातल्या जुन्या डिझेल गाड्यांत इंजिन बंद करण्याचे काम वीज करीत नाही, निर्वात करतो. इंजिनावरचा एक पंप हवा ओढून नळ्यांत निर्वात तयार करतो. किल्ली फिरवली की तो इंधनपंपावरच्या एका डबीपर्यंत पोचतो, डिझेल तुटते आणि इंजिन थांबते. याच निर्वातावर दारांची मध्यवर्ती कुलपेही चालतात. आता मागच्या दाराच्या आत, पत्र्याआड असलेली एक रबराची पातळ पडदी वयोमानाने फाटली, की हवा आत शिरते, निर्वात टिकत नाही आणि किल्ली हातात घेऊन मालक खाली उतरला तरी इंजिन चालूच राहते. दोष मागच्या दारात, लक्षण पुढच्या इंजिनात. अननुभवी माणूस इंधनपंप खोलतो. जाणता मिस्त्री एकेक नळी चिमटून बंद करीत जातो आणि कोणत्या शाखेपाशी इंजिन शहाण्यासारखे थांबते ते पाहतो. हस्तलिखितातला अपपाठ कोणत्या प्रतीत शिरला हे शोधणारा पाठचिकित्सक याहून वेगळे काय करतो? पण एकाला आपण संशोधक म्हणतो आणि दुसऱ्याला फार तर ‘हुशार आहे हो’ एवढे म्हणून पैशांत घासाघीस करतो.

पेट्रोल गाडीची कथा आणखी बोलकी आहे. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत या कंपनीच्या अनेक इंजिनांच्या वायरींना असे आवरण दिले गेले, की ते इंजिनाच्या उष्णतेने काही वर्षांत ठिसूळ होऊन पापुद्र्यासारखे गळू लागे. उघड्या तारा एकमेकींना टेकल्या की गाडी कधी धावते, कधी अडखळते, आणि सुटे भाग बदलत बसलेल्या मालकाचा खिसा रिकामा होतो. महागडी वस्तू टिकाऊ असतेच, या भाबड्या समजाला यापेक्षा चांगले उत्तर नाही.

आता भाषेकडे येऊ. तुमसरहून सिहोऱ्यावरून बपेऱ्याला जाणारा रस्ता नदी ओलांडून मध्यप्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यात शिरतो. या पट्ट्यात झाडीबोली आहे, पोवारी आहे, सरहद्दीची हिंदी आहे. याच तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून मॅंगनीज निघते, ज्याच्यावाचून पोलाद होत नाही. याच भंडारा जिल्ह्यात गडेगावला अशोक लेलँडच्या कारखान्यात १९८० च्या दशकापासून गिअरबॉक्स घडतात. म्हणजे मोटारीचे लोखंड आणि दात दोन्ही या मातीच्या ओळखीचे आहेत. अशा रस्त्यावरच्या गॅरेजात गिऱ्हाईक येऊन म्हणते, “बंद होऊन नाही रायली जी.” समोरून प्रश्न येतो, “दारं लॉक होतेत का भाऊ?” या प्रश्नात अख्खे निदान आहे. ज्याला वरची निर्वाताची गोष्ट ठाऊक नाही त्याला तो प्रश्न असंबद्ध वाटेल.

या भाषेला व्याकरण नाही, ती इंग्रजी-हिंदीची खिचडी आहे, असे आम्हाला विद्यापीठीय वर्तुळात वारंवार ऐकवले जाते. आम्ही उलट म्हणतो. बॉनेट ‘उघडतात’, पण इंजिन ‘खोलतात’. झाकण पुन्हा ‘लावतात’, पण इंजिन ‘बांधतात’. हा भेद कोणत्याही मिस्त्रीच्या तोंडून चुकत नाही. एक हालचाल परत फिरवता येण्याजोगी, दुसरीनंतर वस्तूची नव्याने रचना करावी लागते. इंजिन ऑइल ‘खाते’, धूर ‘मारते’, डिझेलची लाईन हवा ‘पकडते’. ‘मिसिंग मारणे’ या प्रयोगात इंग्रजीचे एक धातुसाधित मराठीत येऊन सरळ नाम झाले आणि ‘मारणे’ या आपल्या हरहुन्नरी क्रियापदाला जोडले गेले. कोणत्या समितीने हे ठरवले? शब्द परका असला तरी वाक्य चालवणारे क्रियापद मराठीचेच आहे, आणि भाषा जिवंत असल्याचा याहून दुसरा पुरावा आम्हाला तरी माहीत नाही.

परिभाषा कोशांची टवाळी करणाऱ्यांत आम्ही नाही. मराठी विश्वकोशाने ‘अंतर्ज्वलन-एंजिन’ ही नोंद सिद्ध केली, पिस्टनला ‘दट्ट्या’ आणि व्हॉल्व्हला ‘झडप’ म्हटले, हे कष्टाचे आणि चांगले काम होते. ‘दट्ट्या’ तर फारच नेमका शब्द आहे. तक्रार आहे ती प्रवाहाच्या दिशेबद्दल. शब्द नेहमी वरून खाली पाठवले गेले; खालून वर कोणी नेले नाहीत. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशात कारागिरांच्या आणि शेतकऱ्यांच्या बोलण्यातले शब्द सापडतात. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिताना बलुतेदारांच्या धंद्यांची खडानखडा नोंद केली. त्यानंतर लोहार-सुताराच्या जागी फिटर, टर्नर, वेल्डर, मोटार मेकॅनिक आले, गावगाडा बदलून मोटारगाडा झाला; पण नव्या बलुतेदारांचा आत्रे काही निर्माण झाला नाही.

गंमत अशी, की हेच प्राध्यापक नरहरी सोनार आणि सेना न्हावी शिकवताना धंद्याच्या शब्दांतून उभ्या राहिलेल्या रूपकांवर तास रंगवतात. सोनाराची मूस आणि न्हाव्याचा आरसा सातशे वर्षांपूर्वीचे असले की ते अध्यात्म होते. मिस्त्रीचा गोटीपाना आजचा असला की तो प्रदूषण होतो. नामदेव ढसाळ टॅक्सी चालवीत असत. ‘गोलपिठा’ १९७२ साली आला तेव्हा प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांना कवीकडूनच शब्दांचे अर्थ विचारून घ्यावे लागले, आणि ते त्यांनी न लाजता विचारले. आजच्या मराठी विभागांत ती विचारण्याची लाज उरली आहे, जिज्ञासा उरलेली नाही.

कोणी म्हणेल, हा सारा कळवळा भाषेपुरताच. मालकाला गाडी चालल्याशी काम. तसे नाही. नव्या गाड्यांत निदान कंपनीच्या संगणकाला जोडले गेले आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला तो याचसाठी, की सुटे भाग, निदानाची साधने आणि माहितीपुस्तिका स्वतंत्र गॅरेजांना मिळू दिल्या जात नव्हत्या. कंपन्या अपिलात गेल्या, प्रकरण लांबले. २०२२ साली केंद्र सरकारने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. त्याच वर्षी १ एप्रिलपासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले. एकीकडे जुनी गाडी ठेवणे महाग, दुसरीकडे दुरुस्त करण्याची माहिती कुलुपात. या झगड्यात छोट्या गॅरेजच्या बाजूने उभा राहील असा लेखी पुरावा कोणता? त्याचे ज्ञान कागदावरच नाही. ‘अप्रशिक्षित माणसाच्या हाती गाडी देणे धोक्याचे’ असे कंपनीचा वकील म्हणतो, तेव्हा ते खोडून काढायला चाळीस वर्षांच्या निदानपद्धतीचे एकही पुस्तक मराठीत दाखवता येत नाही. ब्रेकच्या किंवा स्टिअरिंगच्या कामात अडाणीपणाने जीव जातात हे खरेच आहे. पण म्हणूनच जाणता कोण आणि अडाणी कोण हे ठरवायला त्या ज्ञानाची नोंद हवी, आणि नोंद करणे हे भाषेच्या माणसाचे काम आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी अभिजात ठरली. आता निधी येईल, ग्रंथ निघतील, शिलालेखांचे ठसे पुन्हा एकदा घेतले जातील. त्याला आमची ना नाही. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीसाठी जे केले ते कोणत्याही अभिजातपणाच्या शिक्क्याची वाट न पाहता केले, याची आठवण मात्र करून द्यावीशी वाटते. नागपूर विद्यापीठाच्या मराठी अभ्यास मंडळाने एवढेच करावे: एम. ए. च्या प्रकल्पासाठी दरवर्षी चार विद्यार्थी तुमसर-बपेरा रस्त्यावरच्या गॅरेजांत दोन महिने बसवावेत. एकाने नुसती क्रियापदे टिपावीत, दुसऱ्याने आवाजांची नावे. कारण घरघर, खडखड, टिकटिक, शिट्टी आणि फुसफुस हे मिस्त्रीच्या कानाला पाच वेगळे आजार असतात. तिसऱ्याने गिऱ्हाईक तक्रार कशी सांगते आणि मिस्त्री तिचे भाषांतर कसे करतो ते लिहावे. चौथ्याने पोराला उस्ताद कसे शिकवतो ते पाहावे, आणि शिव्या गाळू नयेत. ज्यांनी या गाड्या नव्या असताना पहिल्यांदा खोलल्या ते हात आता साठीच्या पलीकडे गेले आहेत; तेव्हा मंडळाच्या पुढच्या बैठकीची तारीख जरा अलीकडची असावी.