वस्तू एकच, मग हात बघून कर का?

कॉम्प्युटरला जोडून चित्र काढायची ड्रॉइंग टॅब्लेट परदेशातून आली की तिच्यावर किती कर लागणार, हे एका आठ आकडी क्रमांकावरून ठरते. 'हा कस्टमच्या साहेबांचा विषय, आपला काय संबंध?' असे कार्यकर्त्यांनी म्हणू नये. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरची पोस्टर्स आज आपली पोरे याच पाटीवर काढतात. आणि वर्गवारीच्या आडून अन्याय कसा होतो, हे आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नाही.

आधी कायदा बघू. कस्टम टॅरिफमध्ये ८४७१ हे शीर्षक संगणक आणि त्याच्या जोड-उपकरणांचे आहे. त्यातल्या ८४७१ ६० मध्ये कीबोर्ड, माउस येतात. ८४ व्या प्रकरणाची टीप तर स्पष्ट सांगते की एक्स-वाय निर्देशांक देणारे इनपुट उपकरण संगणकाला जोडता येत असेल आणि त्याला समजेल अशी माहिती देत असेल, तर ते ८४७१ मध्येच धरायचे. ड्रॉइंग टॅब्लेट दुसरे काय करते? पेन कुठे टेकले, एवढेच ती संगणकाला सांगते. भारताने १९९७ साली माहिती तंत्रज्ञान करार स्वीकारला, त्यामुळे ८४७१ वर मूळ सीमाशुल्क शून्य आहे.

मग घोडे अडते कुठे?

पहिली जागा, नावाची. ३ ऑगस्ट २०२३ रोजी सरकारने लॅपटॉप आणि टॅब्लेटच्या आयातीवर निर्बंध जाहीर केले. तो टॅब्लेट म्हणजे अख्खा संगणक. आपली ड्रॉइंग टॅब्लेट संगणकाशिवाय मुकी आहे. नावसाधर्म्यावरून दोघींना एका दावणीला बांधणे चुकीचे आहे.

दुसरी जागा जास्त गंभीर आहे. टॅरिफच्या ९८ व्या प्रकरणात ९८०४ हे शीर्षक आहे. वैयक्तिक वापरासाठी टपालाने किंवा विमानाने मागवलेला माल तिथे जातो. त्या वस्तूला दुसरीकडे नेमके शीर्षक असले तरी हे प्रकरण लागू होते, असे त्याची टीपच सांगते. तिथला दर शून्य नाही. म्हणजे कंपनीने मागवली तर ते अवजार, एकट्या पोराने मागवली तर ती हौस! वस्तू काय आहे हे न बघता ती कोणाच्या हातात जाते हे बघायचे, ही वर्गवारी आमच्या ओळखीची आहे.

तिसरी जागा जीएसटीची. आयातीवर १८ टक्के आयजीएसटी सगळ्यांनाच लागतो. पण नोंदणीकृत स्टुडिओ त्याचे इनपुट क्रेडिट घेतो. वर्षाला २० लाखांच्या आत काम करणाऱ्या कलाकाराला नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी नसली की क्रेडिटही नाही, सगळा भार त्याच्याच खिशावर. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी हेच दाखवून दिले होते. प्राप्तिकरात कमी उत्पन्नवाल्याला सूट, पण जमीन महसूल मात्र छोट्यातल्या छोट्या शेतकऱ्याकडूनही वसूल. ऐपत न बघता लावलेला कर अन्यायाचा, हा त्यांचा मुद्दा आजही तसाच उभा आहे.

कोणी म्हणेल, हजारो पार्सलांत प्रत्येक वस्तूचा क्रमांक कोण तपासणार? पण मालाचे वर्णन पार्सलसोबत द्यावेच लागते. तपासायची सोय नाही म्हणून कर जास्त, हा न्याय नव्हे.

आमची मागणी साधी आहे. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम २५ खाली सरकार अधिसूचना काढून सूट देऊ शकते. ती ८४७१ ६० मधल्या उपकरणांना वैयक्तिक आयातीतही द्यावी. नोंदणी नसलेल्या कलाकारावरचा जीएसटीचा भारही हलका करावा.

आणि मित्रांनो, पार्सल हातात पडले की कागदावरचा क्रमांक वाचा. आकारणी चुकली असे वाटले तर आदेश मिळाल्यापासून ६० दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे दाद मागता येते. शिकलेल्या पोरांनी निदान आपल्या कराचा कागद तरी वाचायला शिकले पाहिजे.

जय भीम!