प्रशिक्षक बदलला, गोल कोण करणार?

संघ हरला की प्रशिक्षकाला घालवायचे, नवा आणायचा, दोन-चार खेळाडू इकडचे तिकडे करायचे आणि पुढच्या पराभवापर्यंत निवांत राहायचे, हा आपल्या फुटबॉलचा शिरस्ता झाला आहे. जून २०२४ ते ऑगस्ट २०२५ या चौदा महिन्यांत भारताच्या पुरुष संघाने तीन प्रशिक्षक पाहिले. क्रोएशियाचे इगोर स्टिमॅक गेले. स्पेनचे मानोलो मार्केझ आले आणि तेही गेले. मग खालिद जमील आले. एवढी खांदेपालट होऊनही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर, सिंगापूरने आपल्याला २-१ असे हरवले आणि २०२७ च्या आशिया चषकाचे दार बंद झाले. पुढच्याच महिन्यात ढाक्यात बांगलादेशाने १-० असा विजय मिळवला. भारताला हरवायला त्यांना बावीस वर्षे वाट पाहावी लागली होती. जुलै २०२३ मध्ये जागतिक क्रमवारीत ९९ वा असलेला भारत नोव्हेंबर २०२५ मध्ये १४२ वा होता.

या संघाचा चाहता म्हणून राग येतो आणि तो यायलाच हवा. पण राग योग्य पत्त्यावर गेला पाहिजे. कोर्टात आम्ही वकील मंडळी एक गोष्ट पहिल्याच वर्षी शिकतो. ज्याच्याशिवाय निकाल लागूच शकत नाही अशा पक्षकाराला दाव्यात जोडले नाही, तर खरा दावाही फेटाळला जातो. भारतीय फुटबॉलच्या चाहत्यांचे नेमके हेच होत आले आहे. आपण कधी स्टिमॅकवर, कधी मानोलोवर, तर कधी म्हाताऱ्या झालेल्या कर्णधारावर दावा लावतो. ज्यांनी या सर्वांना निवडले आणि ज्यांनी देशातली लीग आखली, ते मात्र प्रतिवादीच्या यादीत नसतात. उलट तेच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून प्रशिक्षकाला शिक्षा सुनावतात. स्वतःच्याच प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचे पहिले तत्त्व आहे. फुटबॉल महासंघात ते तत्त्व पोहोचलेले दिसत नाही.

आता पुरावा पाहू. स्टिमॅक २०१९ मध्ये आले. २०२३ साली त्यांच्या संघाने इंटरकॉन्टिनेंटल चषक आणि सॅफ स्पर्धा जिंकली. त्या आनंदात महासंघाने ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांचा करार जून २०२६ पर्यंत वाढवला. जानेवारी २०२४ मध्ये आशिया चषकात आपण तिन्ही सामने हरलो आणि एकही गोल केला नाही. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानने हरवले. जूनमध्ये, म्हणजे करार वाढवल्यापासून अवघ्या आठ महिन्यांत, त्याच महासंघाने त्यांना काढले आणि नंतर तडजोडीत चार लाख डॉलर मोजायचे कबूल केले. स्टिमॅक चांगले होते की वाईट, यावर वाद होऊ शकतो. पण चांगले होते तर काढले का, आणि वाईट होते तर आठ महिन्यांपूर्वी करार का वाढवला, याचे उत्तर देण्याची पाळी कोणावरही आली नाही.

त्यांच्या जागी मानोलो मार्केझ आले. तेव्हा ते एफसी गोवा या क्लबचेही प्रशिक्षक होते आणि २०२४-२५ चा पूर्ण हंगाम त्यांनी दोन्ही कामे केली. देशाच्या संघाला जोडधंद्यासारखा प्रशिक्षक देण्यात कोणालाच वावगे वाटले नाही! त्यांच्या कारकिर्दीत भारत आठ सामने खेळला आणि एक जिंकला, तोही मालदीवविरुद्ध. आठ सामन्यांत एकूण पाच गोल झाले, त्यातले तीन त्या एकाच सामन्यात. या पाचांपैकी दोन गोल करून सर्वांच्या पुढे राहिला तो मुंबईचा राहुल भेके. भेके बचावपटू आहे, वाचकहो! ज्या संघात बचावपटू सर्वाधिक गोल करतो, त्या संघाचे दुखणे कुठे आहे हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आणि हेच मानोलो क्लबमध्ये काय करत होते? २०२४-२५ मध्ये त्यांचा गोवा संघ इंडियन सुपर लीगच्या तक्त्यात दुसरा आला. ३ मे २०२५ रोजी त्यांनी सुपर कपच्या अंतिम सामन्यात जमशेदपूरला ३-० असे हरवले. त्यानंतर अडतीस दिवसांनी, १० जूनला, त्यांचा भारतीय संघ हाँगकाँगमध्ये ०-१ असा हरला. अडतीस दिवसांत माणूस फुटबॉल विसरत नाही. फरक एवढाच की सुपर कपच्या अंतिम सामन्यातले गोव्याचे तिन्ही गोल परदेशी खेळाडूंनी केले होते. राष्ट्रीय संघात ते नव्हते, आणि त्यांच्या जागी घेता येईल असा भारतीय आघाडीपटू कोणी घडवलाच नव्हता.

सुनील छेत्रीच्या पुनरागमनाचा खटलाही याच पुराव्यावर तपासला पाहिजे. ६ जून २०२४ रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून तो निवृत्त झाला. १५१ सामने आणि ९४ गोल, एवढी कमाई करून गेलेल्या माणसाला मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, परत बोलावले गेले. तरुणांची वाट अडवली म्हणून कित्येकांनी त्याला दूषणे दिली. पण कोणाची वाट? २०२४-२५ च्या लीगमध्ये भारतीयांपैकी सर्वाधिक म्हणजे १४ गोल याच छेत्रीचे होते. चाळिशीतला माणूस विशीतल्या सर्व भारतीयांपेक्षा जास्त गोल करत असेल, तर प्रशिक्षकाने घ्यायचे तरी कोणाला? ते बोलावणे म्हणजे छेत्रीचा हव्यास नव्हता. पंधरा वर्षांत दुसरा आघाडीपटू उभा करता आला नाही, याचा महासंघाने दिलेला तो कबुलीजबाब होता.

हा आघाडीपटू उभा का राहत नाही? २०१४ मध्ये सुपर लीग सुरू झाली तेव्हा मैदानावरच्या अकरांत सहा परदेशी चालत. २०१७ पासून पाच आणि २०२१ पासून चार, असा आकडा खाली आला. कागदावर भारतीयांच्या जागा वाढल्या. पण क्लबांनी उरलेले चार परदेशी कुठे वापरले ते बघा. कणा परदेशी आणि कडा देशी, अशी ही रचना आहे. गोल करण्याची आणि सामना फिरवण्याची जबाबदारी परदेशी खेळाडूवर, आणि भारतीय पोराने बाजूने धावत चेंडू पुरवायचा. म्हणून आपल्याकडे लालियनझुआला छांगटेसारखे वेगवान विंगर तयार होतात, पण त्यांनी दिलेला चेंडू जाळ्यात मारणारा तयार होत नाही. संधीच न देता 'गुणवत्ता नाही' असा शेरा मारण्याची ही रीत आपल्या वाचकांना नवी नाही.

कोल्हापूरच्या चाहत्याला हे जास्त लागते. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार तालमीचा सामना असला की तिथे काय गर्दी लोटते, हे ज्याने पाहिले त्याला 'महाराष्ट्रात फुटबॉल नाही' हे वाक्य ऐकवत नाही. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताचा आघाडीपटू होता. त्याच संघातल्या रहीम अलीने ९ ऑक्टोबर २०२५ रोजी सिंगापूरमध्ये ९० व्या मिनिटाला गोल करून आपल्याला १-१ अशी बरोबरी मिळवून दिली. म्हणजे पोरे होती. मात्र विश्वचषकानंतरच्या आठ वर्षांत त्या पिढीतला एकही आघाडीपटू छेत्रीची जागा पक्की करू शकला नाही. ज्या वयात चुका करत शिकायचे, त्या वयात त्यांची जागा बाकावर किंवा बाजूला होती. महाराष्ट्रात तर क्लबच टिकले नाहीत. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला. मालकाने दुकान बंद केले की खेळाडूने दुसरा गाव शोधायचा, एवढाच पर्याय.

खालिद जमील यांच्या नेमणुकीचे मी मनापासून स्वागत केले होते. सावियो मेदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी राष्ट्रीय संघाला भारतीय प्रशिक्षक मिळाला. २०१६-१७ मध्ये मिझोरमच्या ऐजॉल क्लबला आय-लीग जिंकून देणारा हा माणूस. बड्या क्लबांच्या पैशापुढे डोंगरातल्या पोरांची जिद्द उभी करण्याचे काम त्यांनी करून दाखवले होते. पण त्यांना मिळाले काय? पहिल्याच स्पर्धेला मोहन बागानने आपले खेळाडू सोडले नाहीत. तरीही मध्य आशियातल्या त्या स्पर्धेत त्यांच्या संघाने ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला. दरम्यान देशातली लीगच थांबली होती. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला २०१० चा पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता आणि त्यापुढचे काहीच ठरलेले नव्हते. ऑगस्ट २०२५ मध्ये छेत्रीच्याच बंगळुरू एफसीने खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार बेमुदत थांबवले. चेन्नईयिननेही तोच मार्ग धरला. २०२५ साल संपले तरी त्या हंगामाच्या लीगचा एकही सामना झाला नव्हता. सामनेच न खेळलेले पाय घेऊन खालिद यांनी सिंगापूरला हरवावे, अशी आपली अपेक्षा होती! रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, ते हेच.

आमचे काही मित्र म्हणतात, परदेशात वाढलेले भारतीय वंशाचे खेळाडू आणा, सगळे ठीक होईल. ऑस्ट्रेलियाचा रायन विल्यम्स २०२५ मध्ये तिथले नागरिकत्व सोडून भारतीय झाला. त्याच्या आईचे घराणे मुंबईचे. तो आला याचा आनंदच आहे, आणि असे आणखी आले तरी हरकत नाही. पण असे खेळाडू ही उसनवारी झाली. उसन्या पिठावर एक वेळ भागते, शेत पिकत नाही.

आता त्या न जोडलेल्या पक्षकाराकडे येऊ. २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने महासंघाची निवडणूक रद्द केली, त्याला जवळजवळ आठ वर्षे झाल्यावर, १९ सप्टेंबर २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने न्या. नागेश्वर राव यांनी तयार केलेल्या घटनेला काही बदलांसह मान्यता दिली. मधल्या काळात ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने आपल्याला निलंबित करून झाले. त्यानंतरच्या निवडणुकीत भारताचा माजी कर्णधार बायचुंग भुतिया ३३ विरुद्ध १ मताने पडला. जिंकलेले कल्याण चौबे हेही माजी गोलरक्षक. तेव्हा व्यक्तीवर माझा रोख नाही. रोख आहे तो मत कोणाच्या हातात होते यावर. मते राज्य संघटनांची होती. खेळणाऱ्याला मत नव्हते. नव्या घटनेत माजी खेळाडूंना मतदानाचा वाटा मिळाला, ही या सगळ्या कोर्टबाजीतली खरी कमाई आहे. घटना चांगली असून भागत नाही, ती राबवणारे कसे आहेत यावर सारे ठरते, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.

म्हणून चाहत्यांनी पुढच्या पराभवानंतर 'प्रशिक्षक हटवा' ही घोषणा बाजूला ठेवावी आणि चार मागण्या लावून धराव्यात. पहिली, लीगमध्ये प्रत्येक क्लबला ठरावीक मिनिटे भारतीय आघाडीपटू खेळवणे सक्तीचे करावे. दुसरी, राष्ट्रीय प्रशिक्षक पूर्णवेळ असावा, आणि त्याला नेमताना, मुदत वाढवताना आणि काढताना त्याची कारणे लेखी जाहीर व्हावीत. तिसरी, लीगचा हंगाम सुरू होण्याआधी खेळाडूंच्या आणि मैदान राखणाऱ्यापर्यंतच्या सर्व कर्मचाऱ्यांच्या पगाराची हमी क्लबांकडून घ्यावी. चौथी, जिल्ह्याच्या लीगपासून वरच्या लीगपर्यंतची वाट खेळून जिंकता यावी, पैसे भरून नव्हे.

दर्जा घसरेल, अशी ओरड होईल. होऊ द्या. १४२ व्या क्रमांकावर जाऊन आलेल्या देशाने दर्जाची भीती किती बाळगायची? आज बाकावर बसलेल्या वीस वर्षांच्या पोराला चार सामने चुकू द्या, पाचव्यात तो गोल करील. नाहीतर पुढचा प्रशिक्षक कोणत्याही देशातून आणा, संघाची यादी हाती घेतल्यावर त्याचाही पहिला प्रश्न हाच असेल: गोल कोण करणार?