हजेरीपटाबाहेरची माणसे

विदर्भात धामणगाव नावाची गावे अनेक आहेत. अचलपूरच्या बाजूला धामणगाव गढी आहे, बुलढाणा जिल्ह्यात धामणगाव बढे आहे. आमच्या गावाला मात्र ‘रेल्वे’ हे उपपद मिळाले आहे आणि ते सार्थ आहे. १८६७ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपुरास पोहोचला आणि वऱ्हाडचा कापूस आगगाडीत चढू लागला. गावात जिन आणि प्रेस उभे राहिले. जिनमध्ये कापसातील सरकी वेगळी होते. प्रेसमध्ये रुई दाबून तिच्या गाठी बांधतात. कापसामागून अडते, मापारी आणि हमाल आले. त्यांच्यामागून शिंपी, न्हावी आणि खाणावळवाले आले. उद्योग माणसे आणतो, हे धामणगावास कोणी शिकवावयास नको. मग उद्योग बंद पडला, म्हणजे त्या माणसांचे काय होते?

जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेली नागपूरची एम्प्रेस मिल सव्वाशे वर्षे चालून २००२ साली बंद झाली. घाव मोठा होता. पण नागपुरासारख्या शहरात दुसरे काम शोधावयास निदान जागा तरी असते. लहान गावाची गोष्ट निराळी. आमच्याच जिल्ह्यातील अचलपूर येथे पूर्वी विदर्भ मिल होती. ती बंद पडल्यावर काही वर्षांनी तेथे फिनले मिल उभी राहिली. मार्च २०२० मध्ये साथीच्या टाळेबंदीत तीही थांबली आणि टाळेबंदी उठल्यावरही कित्येक वर्षे तिची यंत्रे फिरली नाहीत.

अशा वेळी किती कामगार बेकार झाले, हा आकडा वर्तमानपत्रांत छापून येतो. तो आकडा हजेरीपटावरून घेतलेला असतो. परंतु पगार थांबला की वाण्याची उधारी तुंबते, शिंप्याकडे कापड येईनासे होते, फाटकापाशी चहा विकणाऱ्याची चूल थंडावते. यांपैकी एकाचेही नाव हजेरीपटावर नसते. प्रथम घरचा कर्ता माणूस एकटाच पुण्याकडे किंवा सुरतेकडे जातो. मग त्याचे बिऱ्हाड हलते आणि मुलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज येतो. मुले घटली की वर्गाची तुकडी मोडते आणि शिक्षकाचीही बदली होते. मागे उरतात ती म्हातारी माणसे. गाव एका दिवसात ओस पडत नाही. ते एकेका दाखल्याने रिकामे होते.

कोणी म्हणेल, ‘तोट्यातील गिरणी चालवावयाची तरी किती दिवस?’ हा प्रश्न रास्त आहे. यंत्रे जुनी होतात, बाजार पालटतो. कोणताही कारखाना अमर नसतो. तथापि कारखाना बंद करणे निराळे आणि गाव वाऱ्यावर सोडणे निराळे. कायम कामगारास कायद्याने नुकसानभरपाई मागता येते. चहावाल्याने ती कोणाकडे मागावी? म्हणून माझे मत असे आहे की, टाळे लावण्यापूर्वी मालकाने व शासनाने साऱ्या गावाचा हिशेब मांडला पाहिजे. पुरेशी आधी सूचना द्यावी, थकलेली देणी प्रथम चुकवावी, नवे काम शिकण्याची सोय गावातच करावी आणि कोणाही मुलाचे शिक्षण वर्षाच्या मध्यावर तुटणार नाही, याची काळजी घ्यावी.

गावानेही एकाच धुराड्यावर विसंबून राहू नये. आपला कापूस गाठी होऊन बाहेर जातो आणि कापड होऊन दुकानात परत येतो. सूत, कापड, सरकीचे तेल आणि पेंड यांचे लहान लहान अनेक उद्योग गावोगाव असतील, तर एक थांबल्यावर दुसरा हात देईल. एका खांबावर उभारलेला मांडव पहिल्याच वावटळीत कोसळतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वर्गात कधी वर्षाच्या मध्यावर एखादा परगावचा मुलगा येईल. त्याचे वडील कामचुकार होते म्हणून त्यांना गाव सोडावे लागले, असे समजू नका. त्यांचे हात आजही काम मागत आहेत. त्यांच्या गावचे कामच संपले आहे. त्या मुलास आपल्या बाकावर जागा द्या. आणि पुढे तुमच्यापैकी कोणी कारखानदार झाला, कोणी मंत्री झाला, तर एखादा कारखाना बंद करण्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी फाटकाबाहेरची माणसेही मोजा.